आक्काच्या हातातले गोठ

माझ्या आयुष्यात ज्या एका माणसाचे उपकार मी सगळ्यांत आधी सांगीन, ती माझी थोरली बहीण. मी तिला आक्का म्हणतो. आमच्या घरात आणि भावकीत मी पहिला पदवीधर, आणि ती पदवी आक्काच्या सासरच्या ओसरीवर बसून मिळवलेली आहे.

आमचं गाव शिनोलीच्या पुढे डोंगरात. भात आणि नाचणी, बाकी फारसं काही पिकत नाही. आक्का लग्न होऊन आळ्याला गेली, म्हणजे पाण्याच्या, टोमॅटो-कांद्याच्या मुलखात. दहावी झाल्यावर मला पुढे शिकायचं होतं आणि कॉलेज तिच्या घराजवळ होतं. बहिणीच्या सासरी भावानं राहणं आमच्याकडे बरं मानत नाहीत. मामाकडे राहिलं तर चालतं, बहिणीकडे राहिलं तर लोक हसतात. आक्कानं सासूला एवढंच सांगितलं, "शेतात बी राबंल तो." मी राबलोही. पण परीक्षा जवळ आली की ती मला वावरातून उठवून घरी पाठवायची आणि माझ्या वाट्याचे टोमॅटोचे क्रेट स्वतः उचलायची. सासूनं विचारलंच तर म्हणायची, "त्याचं पोट दुखतंय." माझं पोट दर परीक्षेला दुखायचं. सासूलाही ते माहीत असणार, पण तिनं कधी मला उठवलं नाही. तिला मी मावशी म्हणतो.

सोन्याबद्दल मला जे काही पहिलं कळलं ते मावशींमुळे. सण आला की त्या डबा उघडायच्या आणि ओसरीवर बसून एकेक डाग, म्हणजे दागिना, पुसायच्या. त्यांच्या हातात रोजच्या दोन भरीव बांगड्या होत्या. वर्षानुवर्षं धारा काढून, खुरपून त्या आतल्या बाजूनं झिजून पातळ झाल्या होत्या, थोड्या वाकड्याही, पण बांगड्याच होत्या. वाकल्या की सोनार लाकडी सांच्यावर घालून ठोकून गोल करून द्यायचा. डब्यातली बोरमाळ मात्र त्या लेकरासारखी हाताळायच्या. तिचे मणी आतून पोकळ, त्यांत लाख भरलेली. लाखेच्या आधारामुळे मणी सहसा चेपत नाही, पण गरम पाणी लागलं की लाख सुटते. म्हणून बोरमाळ घालून चुलीपुढे बसायचं नाही, ती कढत पाण्यात धुवायची नाही. आणि एक लांब हार होता, लग्नाला घालायचा, तो एक ग्रॅमचा. म्हणजे आत तांबं-पितळ आणि वर सोन्याचं पाणी. तो कापसात गुंडाळलेला असायचा, कारण मानेला जिथं घासतो तिथलं पाणी आधी उडतं.

"ह्यो लोकांसाठी," मावशी हार दाखवून म्हणायच्या. मग बोरमाळ दाखवून, "ही सणासाठी." आणि हातातल्या बांगड्या वाजवून, "ह्या माज्यासाठी."

आक्काच्या गळ्यात काळ्या मण्यांत दोन वाट्या होत्या आणि कानात बारीक फुलं. सगळं सासरचं. माहेरचा एकही सोन्याचा डाग तिच्या अंगावर नव्हता. आमच्या वडिलांनी चांदीचे पैंजण घातले होते तेवढेच. भाऊबीजेला गल्लीतल्या बाया एकमेकींकडे हळदीकुंकवाला जातात आणि भावानं काय घातलं ते बघतात. आमच्याकडे ओवाळणी म्हणजे साडी ठीक, पण भाऊ नोकरीला असेल तर बाया साडीच्या घडीखाली नजर टाकतात. "डोंगरातलं माहेर," असं कोणीतरी म्हणायचं आणि आक्का हसून चहा ठेवायला आत जायची. मी तेव्हा कॉलेजात होतो. ओसरीवर पुस्तक धरून बसलेला असायचो आणि माझे कान तापायचे.

मला घोडेगावच्या एका कार्यालयात नोकरी लागली. तिथल्या लोकांची भिशी होती. माझी पाळी आली तेव्हा मी ठरवलं, आक्काला सोनं घालायचं.

नारायणगावच्या एका दुकानात गेलो. विक्रेता माझ्याच वयाचा होता. त्यानं आधी दोन भरीव बांगड्या काढल्या. साध्या, बारीक, नक्षी नाही. मग मीच बोट दाखवलं म्हणून गोठ काढले. जाड, गोल, करंगळीएवढे. मनगटात घातले तर पलीकडच्या गल्लीतून दिसतील असे.

"वजन जवळजवळ सारखंच आहे दोन्हींचं," तो म्हणाला. "कॅरेटही तेच, बावीस. हॉलमार्क दोन्हीला आहे."

"मग हे एवढे मोठे कसे?"

"पोकळ आहेत ना सर. पातळ पत्र्याची नळी वळवलेली असते. दिसायला भारी. पण कोणासाठी घेताय?"

"बहिणीसाठी."

"ताई काय करतात? नोकरी?"

"शेती."

त्यानं गोठ बाजूला सरकवले. "मग ह्या बांगड्या घ्या. सोनं मुळात मऊच असतं. बावीस कॅरेटमध्ये थोडा दुसरा धातू मिसळतात म्हणून ते दागिन्याला चालतं, पण पत्राच पातळ असेल तर शुद्धता काय करणार? आपटलं की पोचा पडतो. गोठ लग्नाकार्याला घालून परत ठेवणाऱ्यांसाठी. रोजच्या कामाला नाही."

"माहितीये मला," मी म्हणालो.

आणि खरोखरच माहीत होतं. मावशींचा डबा मी किती वर्षं बघितला होता. त्यामुळे मला कोणी फसवलं, किंवा अडाणीपणानं चूक झाली, असं म्हणायची सोय मला नाही. मी त्या बारीक बांगड्या एकदा हातात घेतल्या आणि मनात आळ्याची ती गल्ली आणली. एवढ्याशा बांगड्या कोणाला दिसणार? कोणी म्हणेल, एवढं शिकून हेच घातलं. मी गोठ बांधून घेतले. हॉलमार्कचा बारीक शिक्का मात्र भिंगातून नीट तपासून घेतला, शिकलेल्या माणसासारखा.

भाऊबीजेला आक्कानं ओवाळलं आणि मी तबकात गोठ ठेवले. ती बराच वेळ तबक धरूनच उभी राहिली. बाया गोळा झाल्या. एकीनं हातात घातले, दुसरीनं ओढून काढले. मावशींनी एक गोठ तळहातावर ठेवून हलकेच वर उडवला आणि झेलला. जुन्या बाया अशाच तोलतात.

"दिसायला लई झ्याक हाये," त्या म्हणाल्या. "हाताला काय लागत न्हाई."

"आये, तुज्या हाताला आता बैल बी लागायचा न्हाई," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळले. "बहिणीला गोठ, न मला काय राव? रुमाल?"

"दाजी, तुमच्यासाठी टोपी आणलीय."

"टोपीच घालणार तू मला, म्हाईत व्हतं."

हसण्यात मावशींचं बोलणं बुडून गेलं, आणि मला बरं वाटलं.

बाया गेल्यावर आक्का गोठ काढून डब्यात ठेवायला निघाली. मी अडवलं. "डब्यात नाही ठेवायचे. रोज घालायचे."

"आरं, कामात?"

"कामातच. सगळ्या गल्लीला दिसू दे. माझी शपथ आहे तुला."

हे वाक्य मी म्हणालो, हे मला अगदी स्वच्छ आठवतं. शपथ घातली. दुकानदारानं जे करू नका म्हणून सांगितलं होतं, तेच तिला करायला लावलं. आक्कानं पुन्हा विचारलं नाही. माझं शिक्षण झालं तेव्हापासून ती माझ्याशी वाद घालत नाही. कागदाचं, दवाखान्याचं, मोबाईलचं, काहीही असलं तरी ती म्हणते, "त्याला इचारा, तो शिकलाय."

उन्हाळ्यात टोमॅटोची तोडणी चालू असताना मी आळ्याला गेलो. आक्का वावरात होती. हातात गोठ होते, पण दोन्हींवर लाल दोरा गुंडाळलेला, जवळजवळ निम्म्या गोलावर.

"हे काय?"

"नजर लागाय नको म्हणून."

"सोनं झाकून नजर चुकवायची तर घालायचं कशाला? सोड तो दोरा."

"ऱ्हाऊ दे रे," ती म्हणाली आणि क्रेट उचलून टेम्पोकडे गेली. मी बांधावर उभा राहून चिडलो. माझ्या सोन्याला हिनं दोरा बांधला, असं मला वाटलं. माझ्या सोन्याला! क्रेटची कड तिच्या मनगटावर कुठं टेकत होती ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी मी ते बघितलं नाही.

पुढे माझं लग्न ठरलं. मुलगी निमगाव सावाची. बघण्याच्या कार्यक्रमात बोलता बोलता मी सांगून टाकलं होतं की बहिणीला मी गोठ घातले. कोणी विचारलं नव्हतं. आमच्या भागात मुलीकडच्या बाया साखरपुड्याला येताना मुलाकडच्या बायांच्या अंगावर काय आहे ते बघून घेतात. आपल्या पोरीच्या अंगावर पुढे काय पडेल, याचा अंदाज त्यांना त्यावरून येतो. मला ते ठाऊक होतं, म्हणूनच मी सांगितलं होतं.

साखरपुडा घोडेगावला एका हॉलमध्ये झाला. आक्का हिरव्या साडीत आली. दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेचा चुडा. गोठ नव्हते. जेवणं व्हायच्या आधी मुलीची मामी तिच्याजवळ येऊन बसली. मोठ्या आवाजाची, मोकळी बाई.

"ताई, भावानं घातलेले गोठ बघू की. लई ऐकलंय आमी."

"घरीच ऱ्हायले हो. घाईत निघालो," आक्का म्हणाली.

मी तिथंच उभा होतो. मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या सासुरवाडीच्या बाया बघत होत्या, आणि मला वाटलं की आता त्या म्हणणार, ह्यानं उगाच फुशारकी मारली.

"आक्का, तुला सांगितलं होतं ना मी?" मी म्हणालो. माझा आवाज चढला. "आजच्या दिवशी घालायचे नाहीत तर कधी? कुठं ठेवलेत? दाजींना पाठवतो आणायला."

"नको, एवढ्या लांब..."

"मग सोनाराकडे टाकलेत का? मोडलेत का?"

मोडलेत का, हे मी बहिणीला चारचौघांत विचारलं. तिनं मांडीवरची पिशवी उघडली, आतून रुमाल काढला आणि उलगडला. गोठ तिनं बरोबर आणले होते. बहुधा मी विचारीन म्हणूनच.

पपईचा देठ बोटांत चेपावा तसे ते चेपले होते. एके ठिकाणी तर सांधा उकलून आतली पोकळी दिसत होती. लाल दोऱ्याचे धागे त्या चिरेत अडकून राहिले होते.

"अगं बाई!" मामी म्हणाली. "हे तर पोकळ हायेत. असले घालून कोन काम करतं व्हय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलंही असेल. पण आक्का आधी बोलली.

"माजंच चुकलं," ती म्हणाली. "त्यानं सांगितलं व्हतं, सणालाच घाल म्हणून. मलाच हौस. काढलेच न्हाईत हातातनं."

"घ्या!" मामी हसली. "भावानं एवढं घालावं न बहिणीला जपता यीना."

बाकीच्याही हसल्या. वाईट हेतूनं नव्हे, लग्नघरात बाया हसतात तशा. आक्का हसली. आणि मीही हसलो. थोडंसंच, ओठांनी. तेवढ्यानं आक्काचं खोटं मी खरं करून टाकलं.

जेवणानंतर दाजी मला हॉलच्या मागे नळापाशी भेटले. हात धुता धुता म्हणाले, "क्रेटला काय कळतंय राव, ह्यो गोठ हाये का काय ते."

"कधी झालं हे?"

"पयल्याच तोडणीला. दोरा मीच आणून दिला व्हता."

"मला सांगायचं ना दाजी. तिनं काढून ठेवायचे."

"तुजी शपथ व्हती न तिला." त्यांनी पंच्याला हात पुसले. "दिवसभर ती हात असा वर धरून काम करायची, कशाला लागाय नको म्हणून. खांदा धरला तिचा. आता असू दे. आज तुजा दिवस हाये."

दाजी नेहमी थट्टेत बोलतात. त्या दिवशी त्यांच्या तोंडून थट्टा आली नाही, आणि मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

ते चेपलेले गोठ मी मागून घेतले आणि दुरुस्तीला म्हणून त्याच दुकानात नेले. विक्रेत्यानं मला ओळखलं. ओळखलंय असं दाखवलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. त्यानं गोठ उजेडात फिरवले. "सांधा झाळून जोडता येईल," तो म्हणाला, "पण पोचे निघणार नाहीत. आतून दाब द्यायला जागाच नाही. भरीव असते तर सांच्यावर घालून गोल करून दिले असते." मग जरा घुटमळून म्हणाला, "सोनं कुठं गेलेलं नाही सर. वजन तेवढंच आहे. मोडून दुसरं काही करता येईल."

त्याला मला धीर द्यायचा होता. पण गोठ कागदात गुंडाळून मी परत घेतले. ते माझे नव्हते. मोडायचे की नाही, हे ठरवणारा मी कोण?

नंतर आळ्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं की गल्लीतही तेच बोललं जातं. भावानं हौसेनं घातलं, हिला सांभाळता आलं नाही. माहेरचा डाग नाही म्हणून जी गल्ली आक्काला बोलायची, तीच आता माहेरचा डाग चेपला म्हणून बोलते. आणि आक्का कोणाला काही सांगत नाही. तिनं सांगितलं तर माझं नाव खाली जाईल.

फोन मी केला. पण आक्का फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापत असते, मागे भाचरं ओरडत असतात, आणि मी विषय काढला की ती म्हणते, "जाऊ दे रे, कशाला काढतो? जेवला का?" माझं वाक्य कधी पुरं होत नाही. समोर गेलो तर ती चहा ठेवायला उठेल. म्हणून मी पत्र लिहिलं. आक्का चौथीपर्यंत शिकलेली आहे. मोठं, सुटं अक्षर असेल तर तिला वाचता येतं, आणि नाहीच आलं तर भाची वाचून दाखवते. पत्राला मध्येच थांबवता येत नाही. ते असं:

आक्का, पाया पडतो.

हे पत्र तू एकटी वाचून ठेवून देऊ नको. मावशींच्या समोर वाच. शेजारच्या कोणी आल्या असतील तर त्यांच्याही समोर वाच. भाची वाचत असेल तर तिला सांग, मोठ्यानं वाच.

गोठ पोकळ होते हे मला घेतानाच माहीत होतं. दुकानदारानं सांगितलं होतं की शेतात काम करणाऱ्या बाईला हे देऊ नका. त्यानं चांगल्या भरीव बांगड्या दाखवल्या होत्या. त्या बारीक दिसत होत्या म्हणून मी घेतल्या नाहीत. मला लोकांना दाखवायचं होतं. वर मी तुला शपथ घालून ते रोज घालायला लावले. तू सणालाच घालणार होतीस. डब्याकडे निघालेली तुला मीच परत बोलावलं. गोठ तू खराब केले नाहीस. मी केले.

मावशी, तुम्ही हातावर तोलून त्या दिवशीच सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. ऐकलं नाही असं दाखवलं.

साखरपुड्यात तू माझ्यासाठी खोटं बोललीस आणि मी हसलो. सगळ्यात जास्त लाज मला त्याची वाटते. निमगावला मी रविवारी जाऊन आलो. मामींना आणि घरातल्या सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. मामी म्हणाल्या, म्हणजे आमच्या पोरीला बी पोकळच घालणार व्हता व्हय? मी म्हणालो, नाही. मग त्या म्हणाल्या, तुमच्या बहिणीला माझा निरोप सांगा, मी तोंडानं वाईट हाये, मनात काय धरू नका.

गोठ माझ्याकडे आहेत. तसेच आहेत. मी ते मोडलेले नाहीत. मोडून तुला दुसरं काही करायचं असेल तर तू सांगायचं, आणि दुकानात तू यायचं, मावशींना घेऊन. मी बाहेर थांबेन. काहीच करायचं नसेल तर ते मी तसेच आणून देतो. माझं मन राखायला म्हणून हो म्हणू नको.

दाजींनी तुझ्या खांद्याचं सांगितलं. तू मला बोलली नाहीस. नारायणगावला हाडांच्या डॉक्टरांकडे शनिवारची वेळ घेतली आहे. सकाळी मी आळ्याला येतो. तोडणी असली तरी त्या दिवशी तू क्रेट उचलायचा नाही. तुझ्या वाट्याचे मी उचलून देईन, आणि मग आपण जाऊ.

तुझा,
धाकटा भाऊ